कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत पूर्ण मजकूर उपलब्ध असलेल्या नोंदी वेगळ्या कशा दाखवाव्यात?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा वापरले जाते. वाचकाला ज्यांचा पूर्ण मजकूर लगेच उघडता येतो अशाच नोंदी हव्या असतात. परंतु नोंदीत मार्क ८५६ (मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित संगणकीय स्वरूपातील ऑनलाइन दुव्याचे क्षेत्र) आहे एवढ्यावर गाळणी लावली, तर केवळ अनुक्रमणिकेचा किंवा मुखपृष्ठाचा दुवा असलेली पुस्तकेही निकालात येतात. यावर उपाय काय?

उत्तर १: दोष गाळणीचा नसून नोंदींचा आहे. ८५६ चा दुसरा निर्देशक (दुवा कशाचा आहे हे सांगणारा अंक) ० असेल तर दुवा प्रत्यक्ष साहित्याचा, १ असेल तर त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा, आणि २ असेल तर केवळ संबंधित साहित्याचा असतो. बाहेरून आयात केलेल्या नोंदींत तो पुष्कळदा रिकामाच असतो, हे नोंदी करणाऱ्या तालिकाकारांना वेगळे सांगायला नको. आधी तो दुरुस्त करावा.

उत्तर २: सहमत आहे, मात्र निर्देशकावरून वाचकाला प्रवेश मिळेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी ८५६ मधील उपक्षेत्र ७ आहे, ज्यात ० म्हणजे मुक्त आणि १ म्हणजे मर्यादित प्रवेश. नोंदी दुरुस्त होईपर्यंत ई-पुस्तकांना स्वतंत्र साहित्यप्रकार (कोहातील ‘आयटम टाइप’) द्यावा, म्हणजे प्रगत शोधात त्यावर मर्यादा घालता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तरीही ही मर्यादा प्रत्येक शोधाला आपोआप लागू ठेवणार नाही, कारण मग कपाटातील छापील मराठी ग्रंथ शोधात दिसणारच नाहीत.