भोपळा 'फलित' करायचा की 'फळवायचा'?

कोथरूडची भाषांतरवाली: गच्चीबागेची पुस्तिका मराठीत करतेय. इंग्रजीत मातीला आणि भोपळ्याच्या फुलाला एकच क्रियापद, 'फर्टिलाइझ'. मी मातीला 'सुपीक करणे' लिहिलं, फुलाला 'फलित करणे'. सासूबाई म्हणाल्या, "फलित म्हणजे बैठकीचं फलित ना? भोपळा फळवतात गं." छापू का?

शुद्धमती: फळवणे बोलीत ठीक. शाळेच्या पुस्तकात 'फलन' आहे, तेच घ्या. शिवाय सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलावर फिरवता ते परागण. फलन पुढे, बीजांडात. सासूबाईंनी दोन्हींचा काला केलाय.

बांधावरचा (शिरूर): काला कसला? मागं बोटभर भोपळा असलेलं फूल गळून पडलं तर आई म्हणते, "फळलं नाही." एवढ्यात सगळं आलं. गायीलाही तोच शब्द. माजावर आली, फळवली. 21 दिवसांनी परत माजावर आली तर 'उलटली', नाहीतर गाभण. तिथं तुम्ही 'फलित गाय' म्हणणार?
आणि 'सुपीक करणे' कोण बोलतं हो? आम्ही खत घालतो नाहीतर मेंढरं बसवतो. दोन रात्री कळप बसला की वावराचा वास आठवडाभर सांगतो.

पर्वतीकर: माझं जुनं मत: खरेदीखत आणि शेणखत एकच. एकानं जमीन नावावर होते, दुसऱ्यानं पिकते!

शुद्धमती: कागदाचं खत अरबी-फारसीतून आलं. शेणाशी त्याचा संबंध नाही.

पर्वतीकर: मग संस्कृत 'खात', खणलेला खड्डा. शेण खड्ड्यातच कुजवतात. हे तरी मान्य करा.

शुद्धमती: जुळतंय म्हणून खरं होत नाही. 'खत' म्हणजे जखमही, तीही खड्ड्यात कुजवता का?

भाषांतरवाली: अहो, भोपळा...

बांधावरचा: 'बेवड' विसरलात सगळे. हरभरा निघाला की त्याच रानात पुढचं पीक जोमात येतं, मुळांच्या गाठींनी नत्र धरलेलं असतं. "बेवड चांगला" म्हणतात. याला इंग्रजीत काय म्हणाल?

पर्वतीकर: आमचा मुंबईचा भाचा हे ऐकून हसत सुटला. त्याला वाटलं, शेतात कोणी पिऊन पडलंय. बेवडा यावरूनच आला का हो?

शुद्धमती: नाही!

पर्वतीकर: का नाही? तोही जिथं बसतो तिथलं रान...

भाषांतरवाली: मी 'फळवणे' लिहून टाकलं. संपादकबाईंचा आत्ताच फोन आला, "हे गायीचं आहे ना?"