एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) घरी बदलायचाय, स्टड (ज्यावर त्याचे नट बसतात ते आटेदार दांडे) तुटायची भीती वाटतेय

गाडी सकाळी थंड असताना स्टार्ट केली की टकटक आवाज येतो, गरम झाली की कमी होतो. मॅनिफोल्डला बारीक चीर दिसली. नवीन बिडाचा आणलाय, पण नट पार गंजलेत. घरी जमेल का?

— जमेल की दादा, घाई नको फक्त. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा, सकाळी परत मारा, मग नट आधी किंचित आवळून सोडायचा, परत आवळायचा, असं पुढंमागं करत आणा, कारण सरळ जोर लावला की स्टड हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटतो आणि मग हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायची वेळ येते, माझ्यावर आलीय.

— मॅनिफोल्ड आणि हेडमधलं जुनं पॅकिंग परत लावू नका. आवळताना मधल्या नटापासून बाहेर जायचं, टॉर्क पान्यानंच (किती जोरानं आवळलं ते कळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

— आणि तोवर बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका प्लीज, चिरेतून गळणाऱ्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

— सगळ्यांचे आभार. आज रात्रीच तेल मारतो.