उजनीकाठचा गुलाबी चतुर आणि एक पळपुटा पक्षी: ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रविवारी भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्याकाठी गेलो होतो. मे महिन्यात पाणी बरंच मागे हटतं, त्यामुळे चिखलाचा काठ मोकळा मिळाला. नदीसुरय, शेकाट्या हे पक्षी ओळखता आले. कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबून सूर मारत होता, त्यातच अर्धा तास गेला (चहा गार!).

अडलंय ते पुढे. चिमणीहून जरा मोठा पक्षी, पाठ मातकट, पोट पांढरं, गळ्यात पूर्ण काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. तुरुतुरु पळायचा, थबकायचा, परत पळायचा. चिखल्याच असावा, पण नेमका कुठला? केंटिश चिखल्याचा पट्टा समोर तुटका असतो, म्हणून तो नसावा.

दुसरं, गुलाबी-जांभळा कीटक. पंख पसरून बसला होता, म्हणजे टाचणी (चतुरासारखाच पण बारीक, बसताना बहुधा पंख मिटणारा कीटक) नाही, चतुरच. ऊन डोक्यावर आल्यावर त्याने शेपटीकडचा भाग सरळ आभाळाकडे उभा केला. उन्हाचा चटका कमी लागावा म्हणून करतात का असं? जातही सांगा. फोटो मोबाइलचा, हललेला आहे, हसू नका.