सोडून दिलेली नौका भर समुद्रातून परत आणणे इतके अवघड का असते?

श्रीवर्धनकर (धागालेखक)

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची सोळा मीटर लांबीची यॉट लागली आणि तिच्यात सापडलेल्या तीन एके-४७ बंदुकांमुळे रायगड जिल्ह्यात एकच धावपळ उडाली. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत निवेदन केले. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या नौकेचे इंजिन २६ जून रोजी बंद पडले, वरील माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवून ओमानच्या हवाली केले, परंतु समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही, असे त्यांनी सांगितले. बंदुकांची चर्चा तेव्हा भरपूर झाली, माझी शंका मात्र वेगळी आहे. ऐन पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात ती नौका सुमारे साडेसात आठवडे निर्मनुष्य तरंगत राहिली आणि तरीही बुडाली नाही.

दुसरे उदाहरण एकट्याने शिडाच्या नौकेतून सागरप्रवास करणारे भारतीय नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' या नौकेचे. १९६८-६९ मध्ये जगप्रदक्षिणा करणाऱ्या, मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'ची ही गोव्यात बांधलेली प्रतिकृती. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींना 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने सोडवले आणि नौका तिथेच राहिली.

माणसे आधी, हे निर्विवाद आहे. पण हजारो टनांच्या जहाजाला दहा-वीस टनांची नौका मागे बांधून नेणे खरोखरच इतके कठीण असते का? नंतर कोणी तिचा शोध का घेत नाही? आणि ती कोणाला सापडली, तर मालकी कोणाची?

डेकवरून

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते सांगतो. जहाज जितके मोठे, तितके ते या कामाला निरुपयोगी. मालवाहू जहाजाचा डेक पाण्यापासून दहा मीटर किंवा त्याहून उंच असतो. त्याच्या पोलादी कुशीला लाटांवर वरखाली होणारी फायबरची नौका लागली की दोन-चार धक्क्यांत तिचे कठडे आणि उरलीसुरली डोलकाठी चुरडली जाते. मोडलेली डोलकाठी तर बहुधा पोलादी तारांनी नौकेलाच अडकलेली असते आणि पाण्यातून कवचावर आपटत राहते. शीड, दोर आणि तारा यांचा हा गुंता आपल्याच पंख्यात गेला, तर वाचवणाऱ्यालाच वाचवायची पाळी येते.

समजा, दोर बांधला. पुढे प्रश्न वेगाचा. शिडाच्या नौकेला तिच्या लांबीनुसार ठरणारी वेगमर्यादा असते आणि पाण्यालगत दहा मीटर लांबी असलेल्या नौकेसाठी ती साधारण पावणेआठ नॉट (म्हणजे ताशी तितके सागरी मैल) येते. त्यापुढे ओढल्यास नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पाण्यात घुसते किंवा दोर बांधलेला खुंटा डेकसकट उखडतो, कारण हे खुंटे धक्क्याला नौका बांधण्यासाठी असतात, वादळात ओढली जाण्यासाठी नव्हेत. सुरक्षित वेग म्हणाल तर चार-पाच नॉट. अनेक मोठ्या जहाजांचे इंजिन अगदी मंद ठेवले तरी ती सहा-सात नॉटने पुढे जातात, आणि त्याहून हळू गेल्यास त्यांचे सुकाणूच नीट चालत नाही. शिवाय ओढल्या जाणाऱ्या नौकेवर माणूस नसेल तर ती सरळ येत नाही, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे भरकटते आणि प्रत्येक वेळी दोराला हिसका बसतो. सुकाणू मध्यभागी घट्ट बांधावे लागते, मागे पाण्यात अडथळा सोडावा लागतो, आणि दोर इतका लांब ठेवावा लागतो की दोन्ही नौका एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील. हे सर्व करायला कोणीतरी त्या डोलणाऱ्या नौकेवर उडी मारून चढले पाहिजे, आणि कोणताही कप्तान आपल्या खलाशाला रिकाम्या नौकेसाठी तसे करायला सांगणार नाही.

कायदाही त्याला तसे सांगत नाही. सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संकटातील माणसांना मदत करणे बंधनकारक आहे, मालमत्तेला नाही. जहाजाचा प्रत्येक तास भाडेकरूच्या हिशेबात धरलेला असतो, हेही विसरू नये.

शोधाविषयी थोडे गणित मांडतो. 'थुरिया' पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर होती. दहा नॉटने जाणाऱ्या टगला, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या नौकेला, तिथे पोचायलाच आठ दिवस लागतात आणि पाच नॉटने ओढत परतायला सोळा. दरम्यान नौका दीड नॉटने जरी वाहत गेली, तरी त्या आठ दिवसांत ती जवळजवळ तीनशे मैल सरकलेली असते, आणि ती नेमक्या कोणत्या दिशेने, हे वारा ठरवतो. संकटसूचक बीकनच्या बॅटरीकडून किमान अठ्ठेचाळीस तासांचीच अपेक्षा असते. नौकेच्या बॅटऱ्या उतरल्या की एआयएस, म्हणजे नौकेचे स्थान आपोआप कळवणारी रेडिओ यंत्रणा, बंद पडते, आणि उंच लाटांच्या गर्दीत फायबरचे कवच रडारवर फारसे उमटत नाही.

शीडवाला

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण त्यातून असा ग्रह होऊ नये की सोडलेल्या नौका बुडतातच. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत तीनशेहून अधिक नौका आयर्लंडच्या दक्षिणेला वादळात सापडल्या आणि पंधरा स्पर्धकांचा मृत्यू झाला. चोवीस नौका खलाशांनी सोडून दिल्या आणि त्यांतल्या फक्त पाच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या आणि बंदरात आणल्या गेल्या, उलट काही जीवनतराफे मात्र लाटांत फाटले. तेव्हापासून शिडाच्या नौकांवरील लोक एकमेकांना बजावत आले आहेत की तराफ्यात वरच्या बाजूला चढून जावे लागेल, म्हणजे नौका पायाखालून जाऊ लागेल, तेव्हाच ती सोडावी. अर्थात टॉमींसारखा माणूस बिछान्यावरून हलूच शकत नसेल, तर हा उपदेश त्याच्या कामाचा नाही.

त्या नौका परत आणता आल्या याचे कारणही पाहण्यासारखे आहे. वादळ ओसरल्यावर त्या इंग्लंड-आयर्लंडच्या बंदरांपासून एक-दोन दिवसांच्या अंतरावर होत्या, आणि ओढायला मच्छीमारांचे ट्रॉलर होते. ट्रॉलरचा मागचा डेक पाण्याजवळ असतो, त्याला चार नॉटने तासन्‌तास चालायची सवय असते आणि ताणलेल्या दोराशी वागणे हे तर त्यावरच्या माणसांचे रोजचे काम असते. युद्धनौकेपेक्षा या कामाला मला हर्णैचा तांडेल (मासेमारी नौकेचा प्रमुख) अधिक भरवशाचा वाटतो.

एक कटू गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. परतण्याची आशा नसेल तर जाताना नौका बुडवून जाणे, म्हणजे तळाचे झडप उघडून नळी कापणे, हे अनेक नाविक कर्तव्य मानतात, कारण रात्री वीस नॉटने धावणाऱ्या दुसऱ्या नौकेला पाण्यात अर्धवट बुडालेले ते कवच दिसत नाही. मालकाला हे करणे किती जड जाते, ते येथे लिहून समजणार नाही.

बंदर_वकील

मालकीबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की सोडलेली नौका सापडेल त्याची होते. जीव वाचवण्यासाठी नौका सोडली म्हणून मालकी सुटत नाही. ती मूळ मालकाकडे राहते, आणि विमा कंपनीने पूर्ण भरपाई देऊन हक्क घेतला असेल तर त्या कंपनीकडे जाते. वाचवणाऱ्याला मिळतो तो मोबदला मागण्याचा हक्क आणि मोबदला वसूल होईपर्यंत नौकेवरचा बोजा. भारताच्या २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यातही या बोजाला बराच वरचा अग्रक्रम दिलेला आहे.

आता मोबदल्याचा हिशेब. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्वेज (संकटातील जहाज व माल वाचवण्याच्या) कराराचे सूत्र असे, की यश नाही तर पैसे नाहीत, आणि यश आले तरी मोबदला वाचवलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकत नाही. माणसांचे प्राण वाचवल्याबद्दल त्या माणसांकडून काहीच मागता येत नाही. याचा अर्थ असा, की पन्नास हजार टनांचे जहाज वाचवायला टग धावतात, कारण जहाज आणि माल मिळून किंमत अवाढव्य असते. डोलकाठी मोडलेल्या, आत खारे पाणी भरलेल्या बत्तीस फुटी नौकेची उरलेली किंमत 'डेकवरून' यांनी मांडलेल्या चोवीस दिवसांच्या डिझेललाही पुरणार नाही. माझ्या मते अडचणीचे मूळ येथे आहे. दोर, लाटा आणि वेग यांवर चांगला टग मार्ग काढतो, पण तोट्याच्या फेरीसाठी तो बंदरच सोडत नाही.

नौका भारतात आणली तर आणखी एक गाठ आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २१ प्रमाणे वाहून आलेल्या किंवा आणलेल्या बेवारस नौकेला आयात मालासारखे वागवले जाते.

श्रीवर्धनकर (धागालेखक)

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. आता एक व्यवहारातला प्रश्न. उद्या आमच्या एखाद्या मच्छीमाराला किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैलांवर अशी रिकामी यॉट दिसली, तर त्याने काय करावे?

बंदर_वकील

प्रथम स्थान आणि वेळ लिहून घ्यावी, छायाचित्रे काढावीत, आणि नौकेवरील व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा १५५४ या दूरध्वनी क्रमांकावर तटरक्षक दलाला कळवावे. आत माणूस असण्याची शक्यता आहे असे धरूनच हाका माराव्यात. नौका किनाऱ्यावर आणली, तर ती सरकारने नेमलेल्या रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवणे १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने आवश्यक केले होते, आणि वर्षभरात मालक न आल्यास विक्रीची तरतूदही त्यात होती. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला आहे, म्हणून प्रत्यक्ष प्रसंगी चालू नियम पाहून घ्यावेत. आतील वस्तूंना हात लावू नये. 'लेडी हान'मध्ये काय निघाले, ते आपणास ठाऊकच आहे.

शीडवाला

यात एक भर घालतो. वर चढलाच, तर विडी पेटवू नये आणि विजेचे बटणही दाबू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती असेल तर तो नौकेच्या तळाशी साचून राहतो. आधी झाकणे उघडून वारा खेळू द्यावा, मग तळातले पाणी किती वाढते आहे ते पाहावे, आणि ते उपसण्यापेक्षा वेगाने येत असेल तर दोर न बांधताच खाली उतरावे.