यॉरिक म्हणे दयाळू!

तिरकस: लॉरेन्स स्टर्नचं 'अ सेंटिमेंटल जर्नी' (१७६८) हे प्रवासकथेचं पुस्तक म्हणजे माणुसकीचा झरा, असं काल कुणीतरी इथे लिहून गेलं. पुस्तक वाचलंय की नुसतं मलपृष्ठ? फ्रान्समधल्या कॅले बंदरात फ्रान्सिस्कन पंथाचा साधू भिक्षा मागायला येतो. त्याने तोंड उघडायच्या आत यॉरिकचं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या प्रवाशाचं, ठरलेलं: एक सू (फ्रेंच चिल्लर नाणं) सुद्धा द्यायचा नाही. वर त्यालाच ऐकवतो, तुम्ही दुसऱ्याच्या घामाची भाकरी खाता. साधू गेल्यावर मनातल्या मनात चुटपुट, पण धावपळ कधी? तोच साधू एका बाईशी बोलताना दिसल्यावर. आपली कागाळी झाली असेल ही धास्ती! मग साधूशी तपकिरीच्या डब्यांची अदलाबदल.

निवांत: अहो, हे सगळं यॉरिक स्वतःच सांगतोय ना? लपवायचं असतं तर गाळलं असतं. मोंत्रई गावी खानावळीच्या दारात सोळा भिकारी, हातात आठ सू. ते वाटून संपल्यावर दिसतो बाजूला लाजून उभा राहिलेला एकजण, ज्याच्यासाठी शब्द टाकणारंही कोणी नाही. त्याला दिलेला आकडा यॉरिक सांगत नाही. मिरवणारा आधी आकडा सांगतो.

हिशेबी: वीस सूंचा एक लिव्र, चोवीस लिव्रचा एक लुई. आठ सू म्हणजे अर्धा लिव्रही नाही, आणि त्यात पानभर भावना.

निवांत: ते हातातले सुटे होते हो! खानावळीचा हिशेब चुकता करून निघताना दारात देतात ते. लुई काढून द्यायचे का?

हिशेबी: का नाही? खिशात होते की.

तिरकस: पैसे सोडा, पॅरिसमधला स्टार्लिंग पक्षी घ्या. 'मला बाहेर पडता येत नाही' म्हणतो. दाराला तारांचे दुहेरी पीळ, पिंजरा मोडल्याशिवाय उघडेना. बरं, मोडायचा! पण यॉरिकचा नोकर ला फ्लर बर्गंडी वाइनच्या एका बाटलीच्या मोबदल्यात पक्षी पिंजऱ्यासकट विकत घेतो, आणि तरी सुटका नाहीच. इंग्लंडात एका लॉर्डकडून दुसऱ्याकडे, आणि यॉरिकच्या कुलचिन्हावर त्याचं चित्र. पुस्तकात एका मेलेल्या गाढवासाठी हळहळतात, जिवंत पक्षी पिंजऱ्यात.

निवांत: उपरोध नावाची चीज ऐकली आहे का?

तिरकस: उपरोध म्हटलं की सगळं माफ! गुलामगिरीत जन्मलेल्या इग्नेशियस सँचो या कृष्णवर्णीय लेखकाने १७६६ मध्ये स्टर्नला पत्र लिहून गुलामगिरीवर लेखणी चालव म्हणून गळ घातली होती. इथे यॉरिक लाखो बंदिवानांचा विचार करायला बसतो, चित्र डोळ्यांपुढे येईना म्हणून एकच काल्पनिक कैदी घेतो आणि त्याच्यावर रडतो. सोयीचं आहे.

निवांत: सोयीचं नाही, कथेला एकच माणूस पेलतो. पक्ष्याचं मात्र तुमचं घ्या, बुवा. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. डब्यांचं सोडणार नाही: साधू मेल्यावर त्याच्या थडग्यावरची खाजरी नेटलची रोपं उपटताना यॉरिक रडतो, तेव्हा बघायला कुठली बाई होती?

हिशेबी: वाचक होते.