मदत हवी आहे: द्राक्षगर्भानंतर बीटा एचसीजी उतरायचा थांबला आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. ती सांगलीकडे सासरी, मी पुण्यात.

पहिलटकरीण. नवव्या आठवड्यात अंगावर लाल जायला लागलं, उलट्या तर इतक्या की पाणीही टिकेना. सोनोग्राफीत बाळ नव्हतंच. पडद्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे नुसते दाणे. बीटा एचसीजी (गर्भारपणात रक्तात वाढणारं संप्रेरक) २,१४,०००. सक्शनने पिशवी साफ केली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला कम्प्लीट मोल, म्हणजे पूर्ण द्राक्षगर्भ; पी५७ निगेटिव्ह, म्हणजे आईकडच्या जनुकाची खूण दिसली नाही.

तेव्हापासून दर मंगळवारी रक्त देते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात आकडा लिहिते. १८,४००. ३,१५०. ६१०. ५८५. ६०२. शेवटच्या तिन्हीभोवती तिने पेनने इतक्यांदा गोल काढलाय की कागद फाटलाय.

डॉक्टर म्हणतात, तीन आठवड्यांतले चार आकडे असेच दहा टक्क्यांच्या आत घुटमळले, तर आत द्राक्षगर्भाच्या पेशी उरून वाढताहेत असं धरून छातीचा एक्स-रे काढायचा, धोका किती याचा स्कोअर बघायचा आणि मेथोट्रेक्झेट (कॅन्सरमध्येही वापरतात ते, पेशींची वाढ रोखणारं औषध) सुरू करायचं. चौथा आकडा येत्या मंगळवारी.

माझी अडचण अशी, की ५८५ दुसऱ्या लॅबचा आहे. नेहमीची त्या दिवशी बंद होती. किट बदललं की आकडा बदलतो म्हणतात. मग तो धरायचा की नाही? मंगळवारी थांबावं, की आधीच एकाच लॅबमध्ये पुन्हा करून घ्यावं? कुणाला असा अनुभव आहे का?

सासरी 'कॅन्सरचं इंजेक्शन' ऐकून सगळे हादरलेत. सासूबाई म्हणतात, औषधं नकोत, दिवाळीनंतर पुन्हा चान्स घ्या. पण मध्येच दिवस गेले तर एचसीजी वाढणारच, आणि तो गर्भाचा की आजाराचा, हे कळायला मार्ग राहणार नाही. हे त्यांच्या गळी कसं उतरवावं? वर 'हिच्यातच दोष' हे आहेच. कम्प्लीट मोलमध्ये सगळी गुणसूत्रं वडिलांकडची असतात, बीजांडातली आलेलीच नसतात. हे मी जावईबापूंना फोनवर सांगितलं, तेही दोष त्यांच्या माथी मारायला नव्हे. यात कुणाचीच चूक नाही, एवढंच घरात कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं आहे.

मेथोट्रेक्झेट घेतलेल्या कुणी असाल तर कृपया लिहा: किती डोस लागले, तोंड आलं का, पुढे किती थांबायला सांगितलं? बहिणीला केसांची फार धास्ती आहे.

मंगळवारचा आकडा आला की इथेच टाकते.