मदत हवी आहे: ‘रिट्रेंचमेंट’ला मराठीत काय लिहू?

मंडळी, रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या युनियनसाठी मराठी पत्रक लिहितोय. अडलंय ते ‘रिट्रेंचमेंट’पाशी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात (2025 मध्ये त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली) याचा अर्थ बराच व्यापक होता: शिस्तभंगाची शिक्षा सोडून इतर कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराला काढणं. स्वेच्छानिवृत्ती आणि वयोमानाने होणारी निवृत्ती त्यात धरत नसत. ले-ऑफ वेगळा. तिथे कच्चा माल, वीज वगैरे नसल्याने काम मिळत नाही, पण नाव हजेरीपटावर राहतं. आमच्याकडे हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, म्हणून पत्रकात घोळ नको.

नुसतं ‘कपात’ लिहिलं तर लोक पगारकपात समजतील (नवी मुंबईत तर आधी पाणीकपातच आठवेल!). ‘काटछाट’ खर्चाला शोभते, माणसांना नाही. ‘छाटणी’ लगेच कळते, पण मला तो शब्द खटकतो. माणसं काय वाळक्या फांद्या आहेत? सध्या ‘कामगार कपात’ लिहिलंय. त्यात ‘कायमची’ जोडावं का? आणि ले-ऑफला सुटसुटीत मराठी शब्द कुणी वापरता का? कामगार कायद्याचं काम करणाऱ्यांनी जरूर सांगा.